सेशनइन्फोच्या कापलेल्या ओळी

आमच्याकडे घरोघरची सर्वेक्षणं होतात. गावाची घरयादी आली की आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट चालवून त्यातली घरं यादृच्छिक पद्धतीने निवडायची. स्क्रिप्टमध्ये सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, ठरवून दिलेला असतो, म्हणजे ती कुणीही, कधीही चालवली तरी तीच घरं निघाली पाहिजेत. निवडीत कुणाचा हात नव्हता हे दाखवायला आमच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

त्या दिवशी नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीने पडताळणीसाठी स्क्रिप्ट चालवली आणि भलतीच घरं निघाली. मूळ यादी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवरची होती आणि त्या घरांत मुलाखती सुरूही झाल्या होत्या. त्यांनी पुन्हा चालवून पाहिली, तर त्यांच्याकडे जुनीच घरं. दोघांकडे सीड, स्क्रिप्ट, फाइल सगळं एकच. "तिने काहीतरी बदललं असेल," हे वाक्य लगेच आलं. नवख्या माणसावर आधी संशय घ्यायची ही सवय मला मनापासून खटकते.

मी दोघांकडे सेशनइन्फोचं, म्हणजे आरची आवृत्ती, पॅकेजेस (जोड-संच) आणि सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेचं, आउटपुट मागितलं. तिने सगळं जसंच्या तसं मजकूर म्हणून पाठवलं. ज्येष्ठांकडून स्क्रीनशॉट आला, त्यात फक्त पॅकेजेसचा भाग. आरची आवृत्ती एकच, पॅकेजेस एकच. मग मला लोकेलची, म्हणजे संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची, शंका आली, कारण लोकेल वेगळं असलं की नावांची क्रमवारी बदलते आणि निवडही बदलते. पण आमची यादी घरक्रमांकाने लावलेली होती. एक गोष्ट मात्र विचित्र होती: आरनॉर्म या फंक्शनने काढलेले यादृच्छिक आकडे दोन्हीकडे जुळत होते, फरक फक्त सॅम्पल या यादीतून निवड करणाऱ्या फंक्शनमध्ये पडत होता.

तेव्हा मी पूर्ण आउटपुट हवंच म्हणून हट्ट धरला. कापून टाकलेल्या वरच्या भागात, लोकेलच्या आधी, मुलीच्या आउटपुटमध्ये नसलेल्या ओळी होत्या: रँडम नंबर जनरेशन असं शीर्षक, त्याखाली यादृच्छिक आकडे काढायच्या पद्धतींची नावं, मर्सेन-ट्विस्टर, इन्व्हर्जन, आणि शेवटी 'सॅम्पल: राउंडिंग'. या ओळी आर एरवी छापतच नाही. पद्धत नेहमीची नसेल तरच छापतं.

एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आलं तेव्हा सॅम्पलची पद्धत बदलली. जुनी राउंडिंग पद्धत फार मोठ्या यादीतून निवड करताना सगळ्यांना समान संधी देत नव्हती, म्हणून रिजेक्शन पद्धत आली. पण ज्येष्ठांचं आर तर नवं होतं. उत्तर कामाच्या फोल्डरमधल्या डॉट-आरडेटा फाइलमध्ये सापडलं. बंद करताना आर 'वर्कस्पेस (चालू सत्रातली सगळी माहिती) जतन करू का' विचारतं, 'हो' म्हटलं की ती या फाइलमध्ये जाते आणि पुढच्या वेळी आपोआप उघडते, आणि ते वर्षानुवर्षं 'हो' म्हणत आले. त्या फाइलमध्ये यादृच्छिक आकड्यांची स्थितीही जतन होते. तिचा पहिला आकडा नव्या पद्धतीत १०४०३ असतो, त्यांच्याकडे ४०३ होता. सीड ठरवणारी सेट-सीड ही आज्ञा फक्त सीड बदलते, पद्धत बदलत नाही. त्यामुळे आर कितीही वेळा अद्ययावत केलं तरी जुनी पद्धत सोबत येत राहिली, तीही एका इशाऱ्याविना. आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या आरईएनव्ही पॅकेजची लॉकफाइल असती तरी हे कळलं नसतं. तिच्यात आर आणि पॅकेजेसच्या आवृत्त्या असतात, ही पद्धत नसते.

चालू फेरी निस्तरली. मुलीने सीडच्या ओळीतच राउंडिंग लिहिलं, आरने इशारा दिला आणि मूळ घरं तंतोतंत निघाली. आता स्क्रिप्टमध्ये पद्धत स्पष्ट लिहिलेली असते आणि ती व्हॅनिला पर्यायानेच चालवतो, म्हणजे जुना वर्कस्पेस उघडतच नाही.

त्या लॅपटॉपवरून निघालेल्या आधीच्या याद्यांवर मात्र आमचं अजून एकमत नाही. अहवालांत आरची आवृत्ती आणि सीड छापलाय, पद्धत नाही. काही हजार घरांच्या यादीत राउंडिंगने पडणारा फरक नगण्य असतो, म्हणून निवडी चुकीच्या नाहीत, दुरुस्तीपत्र कशाला, असं ज्येष्ठांचं म्हणणं. निवडींबद्दल ते बरोबर आहेत. पण आमच्या अहवालावरून कुणी ती घरं पुन्हा काढायला बसलं तर ती निघणार नाहीत, आणि दोष स्वतःचाच समजून तो माणूस दिवसच्या दिवस घालवेल. दुरुस्तीपत्राचा मसुदा मी लिहून ठेवलाय, पुढच्या बैठकीत मांडणार आहे.