रात्रीची ठोकठोक

बँकेच्या वसुली विभागातल्या माणसाचं स्वागत सहसा कुणी करत नाही. त्यामुळे लिफ्टचं दार उघडताच "आलात एकदाचे, साहेब!" असं ऐकलं, तेव्हा आपण भलत्याच इमारतीत शिरलो की काय, असं मला वाटलं.

मला ताब्याची नोटीस चिकटवायची होती. हप्ते थकून ९० दिवस उलटले, खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरलं, बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली पैसे भरायला दिलेली ६० दिवसांची मुदतही संपली. आता १३(४) खालचा सांकेतिक ताबा, म्हणजे दारावर कागद, तोच मजकूर दोन वर्तमानपत्रांत, आणि माणसं मात्र घरात तशीच.

हे शेवटचं, माझं स्वागत करणाऱ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या काकांच्या पचनी पडेना. कर्जदाराच्या घरातून येणारा आवाज त्यांनी वहीत तारीखवार टिपून ठेवला होता. रात्री साडेअकरा ते दोन ठोकठोक, मध्येच ड्रिल, कधी भांडण. बोलायला गेलं की शिव्या.

"घर बँकेचं झालं ना? मग काढा बाहेर."

मी म्हटलं, "काका, प्रत्यक्ष ताब्याला कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागेल. कर्जदारालाही ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. आणि मी हप्त्यांसाठी आलोय. आवाजासाठी पोलिसांना फोन करा."

काका हिरमुसले. माझ्या डोक्यात मात्र ड्रिल अडकलं. शेजाऱ्यांना छळायला माणूस गाणी लावेल, आरडाओरडा करेल. रोज रात्री ड्रिल कशाला चालवेल? खाली वॉचमनची नोंदवही चाळली. पंधरा दिवसांत चार वेळा टेम्पो, पुढे एकच शेरा: 'जुनं सामान'.

पुन्हा वर गेलो. कर्जदारानं साखळी न काढता दार उघडलं. त्याच्या खांद्यावरून आतल्या खोलीची चौकट दिसत होती, दार नव्हतं.

"फर्निचर माझ्या पैशानं केलंय," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "कर्ज घरावर होतं."

तारणात भिंतीला पक्कं बसवलेलं सगळं येतं, ते असं विकता येत नाही, हे मी ऐकवलं. त्यानं शांतपणे विचारलं, "त्या कपाटांचे तुम्ही मला किती धरणार होतात?" खरं सांगायचं तर मूल्यांकनात असल्या कपाटांना फारसं कुणी विचारत नाही. मी ते बोललो नाही. ओट्याचं ग्रॅनाइट काही फर्निचर नव्हे, एवढं म्हणालो. दार बंद झालं. त्या रात्रीही ठोकठोक झाली, असं काकांनी फोन करून कळवलं.

काकांची वही आता माझ्या कामाची झाली होती. वकिलांना पाठवायला पानांचे फोटो मागितले, तर त्यांनी प्रत्येक पानावर सही करून दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राखीव किंमत काय ठेवणार? भिंत पाडून दोन्ही फ्लॅट एक करता येतील."

लिलावाची जाहीर नोटीस निघेल तेव्हा कळेल, आणि ती निघेपर्यंत सगळी रक्कम भरून कर्जदाराला घर सोडवूनही घेता येतं, असं मी सांगितलं. ही दुसरी गोष्ट काकांना कायद्यातली चूकच वाटली असावी.

पैसे आले नाहीत. काही महिन्यांनी आदेश आला, पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला. कुटुंब आदल्या दिवशीच निघून गेलं होतं. पंच म्हणून काका तयारच होते. बोली लावणारा माणूस पंच नको म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या दोघांना बोलावलं. पंचनामा लिहिताना 'नाही' हाच शब्द जास्त आला. ओटा नाही, सिंक नाही, आतली तिन्ही दारं नाहीत, बाथरूमचे नळ नाहीत. नळांच्या जागी कापडाचे बोळे कोंबलेले. गळती मात्र कुठेही नव्हती. तेवढं काम त्यानं नीट केलं होतं.

कुलूप लावून सील करत होतो, तेवढ्यात काका मागे येऊन उभे राहिले.

"ओटापण नेला?"

"हो."

"मग किंमत थोडी खाली येईल, नाही का?"