आधी पुरावा लिहा, मग निष्पत्ती

‘प्रशिक्षणार्थीला मोटर स्टार्टरची माहिती होईल.’ मंजुरीसाठी पाठवायच्या कौशल्य अभ्यासक्रमाच्या घटकात हे वाक्य कुठे ना कुठे असतंच. माहिती होईलही. पण ती झाली हे परीक्षकाला कशावरून दिसणार? ‘समजेल’, ‘जाणून घेईल’, ‘परिचय होईल’ ही क्रियापदं कागदावर छान दिसतात, पण परीक्षेच्या दिवशी त्यांच्यासमोर टिक करायला काहीच नसतं. म्हणून घटक उलट्या बाजूने लिहावा. शेवटी टेबलावर काय पडलेलं हवं ते आधी ठरवायचं, आणि मग त्यावरून निष्पत्तीचं, म्हणजे शिकून काय करता येईल ते सांगणारं, वाक्य बांधायचं.

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातले कारखाने असोत की घणसोलीतल्या सोसायट्यांच्या पंप रूम, मोटर थेट सप्लायवर सुरू करणारा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर सगळीकडे भेटतो. तेव्हा उदाहरण त्याचंच घेऊ. पुरावा कोणता हवा? चालू स्थितीतला बोर्ड, भरलेला रीडिंग शीट, परीक्षकाची निरीक्षण यादी आणि दोन तोंडी उत्तरं. आता निष्पत्ती आपोआप सुचते: ‘दिलेल्या सर्किट डायग्रामवरून ३ फेज मोटरसाठी डीओएल स्टार्टरची पॉवर व कंट्रोल वायरिंग ४० मिनिटांत करील आणि सप्लाय देण्याआधी तपासून दाखवील.’ काय दिलं, काय करायचं आणि किती वेळात, हे सगळं एका वाक्यात येतं. ‘योग्य प्रकारे’ हा शब्द मात्र घालू नका. योग्य म्हणजे काय ते सांगण्याचं काम निकषांचं.

निकष लिहिताना बोट टर्मिनलवर ठेवूनच लिहावं. कंट्रोल फेज फ्यूजमधून ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) ९५-९६ या टर्मिनलांवर, तिथून लाल स्टॉप बटणाच्या एनसी (न दाबता जोडलेल्या) संपर्कावर, मग हिरव्या स्टार्टच्या एनओ (दाबल्यावर जोडणाऱ्या) संपर्कावर आणि शेवटी कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला सप्लाय जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या, कॉइलच्या ए१ वर. होल्डिंगचा, म्हणजे बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा, १३-१४ संपर्क स्टार्ट बटणाला समांतर. इतकं नेमकं लिहिलं की नेमकी चूकही पकडता येते. १३-१४ जोडायचा राहिला तर बटण सोडताच मोटर थांबते, आणि चुकून स्टार्टशी सिरीजमध्ये गेला तर मोटर सुरूच होत नाही. ४१५ व्होल्टची कॉइल फेज-न्यूट्रलवर लावली तर कॉन्टॅक्टर नीट ओढत नाही, घुरघुरत राहतो. तोंडी प्रश्नही यातूनच काढावा: ‘बटण सोडलं की मोटर थांबते, आधी कुठे बघाल?’ ‘स्टार्टर म्हणजे काय?’ याचं उत्तर पाठ करता येतं, आधीच्या प्रश्नाचं नाही.

ओव्हरलोडचा निकष बहुतेक ठिकाणी ‘रिले सेट करील’ एवढाच असतो. किती वर? मोटरच्या नेमप्लेटवरच्या फुल लोड करंटवर. ५ एचपी, ४१५ व्होल्टच्या मोटरला तो साधारण ७ ते ७.५ अँपिअर असतो. (स्टार-डेल्टा या दुसऱ्या प्रकारच्या स्टार्टरात रिले फेजच्या वाटेत असेल तर त्याच्या ५८ टक्के. पण तो वेगळा घटक, इथे घुसडू नका.) सगळ्या बॅचला एकच नेमप्लेट दिली तर तिसऱ्या उमेदवारापासून पुढे सगळ्या शीटवर एकच आकडा दिसेल. ३, ५ आणि ७.५ एचपीच्या तीन नेमप्लेट फिरवल्या की हे थांबतं. ‘मेगर टेस्ट: ओके’ (मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर) अशी नोंदही चालवून घेऊ नये. ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते अर्थ किती मेगाओहम आले, तो आकडा हवा. ‘ओके’ लिहायला मेगर हातात घ्यावा लागत नाही.

सगळ्यात धोकादायक खड्डा गुणांचा. दहा निकष, प्रत्येकी १० गुण, उत्तीर्ण ७० ला. या हिशेबात सप्लाय बंद न करता बोर्डात हात घालणारा मुलगा ९० गुणांनी पास होतो. म्हणून काही निकष बेरजेबाहेर काढायचे: मेन बंद करून लॉक आणि टॅग लावणं, मीटर आधी चालू सप्लायवर पडताळून घेणं, मग तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थशी मोजणं, आणि मीटर पुन्हा पडताळणं, परीक्षकाला दाखवल्याशिवाय सप्लाय न देणं. यातलं एक चुकलं की बाकी गुण कितीही असोत, ‘अद्याप सक्षम नाही’.

तासांचं गणित वरवर सोपं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीनुसार ३० तासांना १ क्रेडिट, आणि त्या ३० तासांत वर्ग, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, मूल्यमापन सगळंच मोजायचं. या घटकाला ६ तास वर्ग, १६ प्रात्यक्षिक, ५ स्वाध्याय, ३ मूल्यमापन अशी वाटणी जमते. जमत नाही ते परीक्षेच्या दिवशी. ३० उमेदवार, ४ बोर्ड, ४० मिनिटं: आठ फेऱ्या, म्हणजे ५ तास २० मिनिटं. मधे बोर्ड मोकळे करायला दर वेळी १० मिनिटं धरली की साडेसहा तास होतात. तोंडीची ५-५ मिनिटं वेगळी ठेवली तर आणखी अडीच तास. दिवस मावळतो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांच्या याद्या न बघताच भरल्या जातात. यावर उपाय म्हणजे घटकातच होल्ड पॉइंट, म्हणजे परीक्षक बघेपर्यंत थांबायच्या जागा, लिहून ठेवणं. सप्लाय मृत असल्याचं तपासल्यावर आणि सप्लाय देण्याआधी उमेदवार हात वर करील, परीक्षक तिथे येऊन बघेल आणि तोंडी प्रश्न तिथेच विचारेल. चार बोर्डांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, पण असे दोन-दोन क्षण पकडता येतात.

स्तर ठरवताना हात जरा सैल सुटतो. सगळ्यांनाच वरचा स्तर हवा असतो. एनएसक्यूएफच्या, म्हणजे कौशल्य पात्रतांचे स्तर ठरवणाऱ्या राष्ट्रीय चौकटीच्या, २०१३ च्या मूळ भाषेत स्तर ३ म्हणजे ठरलेल्या चौकटीत स्वतःच्या कामाची जबाबदारी, ४ म्हणजे स्वतःच्या कामाची आणि शिकण्याची, ५ ला त्यात इतरांच्या कामाची थोडी भर. हातात डायग्राम दिलेला आहे, मोटर ठरवून दिलेली आहे आणि शेवटी परीक्षक तपासतो. या घटकाला ५ मागणं म्हणजे थट्टा. आणि घटकाच्या पहिल्या पानावर एक ओळ हवीच: क्रेडिट मिळालं म्हणजे वायरमनचा परवाना मिळाला असं नाही, तो वेगळा काढावा लागतो.

फोटोंवर फार विसंबू नये. पूर्ण झालेल्या पॅनेलचा फोटो हात कोणाचे होते ते सांगत नाही आणि स्क्रू सैल आहे तेही दाखवत नाही. बैठक क्रमांक व तारखेची चिठ्ठी फ्रेममध्ये ठेवून, रीडिंग घेताना उमेदवाराचा चेहरा दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ जास्त कामाचा. पूर्वानुभवावर क्रेडिट मागणाऱ्या जुन्या पंप ऑपरेटरलाही हेच लागू. सोसायटीच्या लेटरहेडवरचं ‘१५ वर्षांचा अनुभव’ पुरावा म्हणून अपुरंच पडतं. त्याला वर्ग माफ करा, बोर्ड माफ करू नका. प्रश्न मात्र त्याच्या भाषेत विचारा. तो ‘सहायक संपर्क’ म्हणत नाही, ‘होल्डिंग’ म्हणतो.

घटक पाठवण्याआधी एक चाचणी घ्यावी. दोन परीक्षक, एकच उमेदवार, दोन वेगळ्या याद्या, आपसात बोलणं नाही. जिथे दोघांच्या टिकच्या खुणा जुळत नाहीत तो निकष सैल. बहुतेक वेळा तो ‘वायरिंग नीटनेटकी केली’ हाच निघतो. त्याच्या जागी असं लिहा: ओढून पाहिल्यावर एकही वायर सुटत नाही, एका टर्मिनलखाली दोनपेक्षा जास्त वायरी नाहीत, इन्सुलेशनबाहेर उघडं तांबं दिसत नाही, प्रत्येक टोकाला डायग्रामवरचाच फेरूल नंबर (वायरच्या टोकावरच्या नळीवरचा क्रमांक) आहे. मग तेच दोन परीक्षक परत बसवा.