रानभाजी लॉग, सीझन तिसरा: शेवळं, काकडं आणि बाल्कनीतली करटुली

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, पण जून लागला की माझे रविवार सकाळचे ठाण्यात जांभळी नाक्यावरच जातात, फुटपाथवर पाड्यांवरच्या बायका भाजी घेऊन बसतात तिथे. पहिल्या सीझनला ओळखता येणाऱ्या रानभाज्या ९ होत्या, आता २१ आहेत. ओळखता येणं आणि खाता येणं यात मात्र बराच फरक आहे, हे मला शेवळांनी शिकवलं.

नवीन लोकांसाठी सांगतो, शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या आसपास जमिनीतून वर येणारे सुरणाच्या भाऊबंदातले जांभळट कोंब. पहिल्या वर्षी जुडी घेतली तर मावशींनी सोबत चार-पाच हिरवी आंबट फळं टाकली, मला वाटलं कोथिंबिरीसारखं फ्री देतायत, घरी येऊन सरळ डस्टबिनमध्ये. भाजी दिसायला झकास झाली होती, पहिल्या घासाला काहीच नाही आणि दुसऱ्यानंतर घशात कोणीतरी खाजकुइली चोळल्यासारखं, अर्धा तास चिंचेचं पाणी पीत बसलो आणि बायको शांतपणे वरणभात खात होती.

पुढच्या रविवारी मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काकडं टाकली का दादा? मंग खाजनारच ना." बाजूची म्हातारी तर तोंडाला पदर लावून हसायला लागली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात, आणि खाज मारायला काकडाचा, म्हणजे मी फेकलेल्या त्या हिरव्या फळांचा, आंबटपणा लागतो. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ते उगाच नाही, पण हे दोन आणि दोन मला तेव्हा जुळवता आले नाहीत. त्या बायका काही समजावून सांगत नाहीत, जुडीसोबत काकडं देतात म्हणजे सांगूनच झालं. या वर्षी बाहेरचं आवरण सोलून, आतला पिवळा भाग काढून टाकून, बारीक चिरून तेलावर खमंग परतली, काकडं उकडून कोळून ते पाणी घातलं आणि वर कोलंबी. घसा सेफ! शेजारच्या सीकेपी काकू खिमा घालून करतात, ते पुढच्या वर्षी.

प्लांट आयडीच्या ॲपबद्दल विचारणाऱ्यांना सांगतो, ॲप नाव देतं, त्याच्या पुढचं काहीच देत नाही. टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, पिवळी फुलं आली की पाला निबर होतो, हे त्यात नसतं. फोडशीचं तेच, खाली जमिनीत मुसळी असते, मावशी पाला तेवढा कापून आणतात, मूळ राहू देतात, म्हणून पुढच्या पावसात त्याच जागी परत मिळते. आणि कडू करांदे, म्हणजे ते रानटी कंद, तर मी घरी आणायचं धाडसच करत नाही. चकत्या करून उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडूपणा जातो. वाहतं पाणी घोडबंदर रोडच्या सोसायटीत कुठून आणू, आमच्याकडे नळाला येतं तेवढं पुरे.

हो, आणि येऊरला जाऊन स्वतः तोडता का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही. तो संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, मी तिथे फक्त बघतो आणि फोटो काढतो. भाजी विकतच घ्यायची, आणि प्लीज घासाघीस करू नका, पहाटे अंधारात उठून आणलेली असते ती.

आता करटुली, कारल्याच्या भाऊबंदातली छोटी काटेरी फळभाजी. मागच्या वर्षी कुंडीत एक कंद लावला, वेल ग्रिलभर पसरला, फुलं भरपूर आणि फळ शून्य. खत बदललं, जागा बदलली, काही नाही. मावशींना फोटो दाखवला तर बघताक्षणी, "हा नर हाय, मादी आणा." करटुलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, मादीच्या फुलाखाली आधीच बारीक काटेरी गोळी दिसते. या जूनमध्ये त्यांनीच मादीचा कंद आणून दिला, ४० रुपयांना. फुलं संध्याकाळी उमलतात आणि आमच्या सातव्या मजल्यावर पतंग-बितंग काही येत नाहीत, त्यामुळे ऑफिसहून आल्यावर नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर टेकवायचं काम माझंच. सहा फुलांवर केलं, पाच पिवळी पडून गळली, एक राहिलंय. काल सुपारीएवढं होतं.