टोमॅटो, मेडिकलमधली हायड्रोजन पेरॉक्साइडची ब्राऊन बाटली आणि उकडलेला बटाटा

२०२३ च्या जुलैत टोमॅटो दोनशे रुपये किलोच्या घरात गेला होता आठवतंय ना? आमच्या भाजीवाल्या मावशी तेव्हा "पाव किलो देऊ का" असं विचारायच्याच नाहीत, थेट "किती नग देऊ" म्हणायच्या. माझे मामा नारायणगावजवळ वर्षानुवर्षं टोमॅटो करतात, पण मे महिन्यात भाव इतका पडला होता की लोकांनी रस्त्यावर ओतला, म्हणून वैतागून त्यांनी नेमका त्याच खरिपात फ्लॉवर लावला आणि मग मार्केटमध्ये वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलेलं बघून महिनाभर नुसते हळहळत बसले. आणि इकडे पुण्यात मी, गच्चीवर अकरा कुंड्या, अकरा टोमॅटोची रोपं, मनातल्या मनात सॉस, सूप, शेजाऱ्यांना वाटप सगळं करून मोकळी.

ऑगस्टमध्ये रोपं माना टाकायला लागली.

म्हणजे सकाळी बरी दिसायची, दुपारी लुळी, संध्याकाळी परत जरा सावरल्यासारखी. मला वाटलं पाणी कमी पडतंय. पावसाळ्यात! पण कुंडीची वरची माती सुकलेली दिसायची ना, म्हणून मी आणखी पाणी घातलं, आता आठवलं तरी कपाळावर हात मारावासा वाटतो. मग एका ग्रुपवर फोटो टाकला तर अर्ध्या तासात सात जणांनी एकच उत्तर दिलं, हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, मुळांना ऑक्सिजन मिळतो, बुरशी मरते, झाड दोन दिवसांत उभं राहतं. एका ताईंनी तर पेरॉक्साइड आणि जीवामृत आलटून पालटून द्यायला सांगितलं. आता जीवामृत म्हणजे मातीतले जिवाणू वाढवायला आणि पेरॉक्साइड मारायला, सकाळी पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि दुपारी घराला काडी लावायची असला प्रकार, पण तेव्हा मला यातलं काहीच कळत नव्हतं, मी छत्री घेऊन सरळ मेडिकलमध्ये गेले.

ब्राऊन रंगाची छोटी बाटली मिळाली, स्वस्तच असते. घरी आले आणि नेटवरच्या मापाने पाण्यात कालवून कुंड्यांमध्ये ओतलं. काय फेस! मातीवर असा सुरसुर फेस आला की मला खात्रीच पटली, बुरशी मरतेय, आवाज येतोय मरण्याचा. व्हिडिओ काढून मामांना पाठवला. मामांचा रिप्लाय नाही.

तीन दिवसांनी अकरातली चार रोपं गेली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन.

मेलेलं एक रोप उपटून बघितलं तेव्हा खरं काय ते दिसलं. मुळं पांढरी नव्हती, चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झालेली, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आतला नुसता दोरा तेवढा शिल्लक राहिला. वास गटारीचा. कुंडी उचलली तर खालची भोकं चिखलाने बुजलेली, आणि कुंडी होती थाळीत, थाळीत पावसाचं पाणी, म्हणजे माझी झाडं महिनाभर पाण्यात पाय सोडून बसलेली. वर गच्चीच्या पन्हळीचं पाणी थेट तिथेच पडत होतं ते वेगळंच.

साल सुटून आत दोरा राहतो ना, ही मूळकुजीची खूण. पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवाचं हे काम असतं बहुतेक वेळा, नर्सरीत रोपं बुडातून पिचकून कोलमडतात त्यातही हाच मुख्य गडी. याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. मुळांना हवा नाही, पाणी साचलेलं, म्हणजे त्याला पोहायला तलावच बांधून दिला होता मी.

मग फेस कसला होता?

हे मला माझ्या मुलीने दाखवलं, ती तेव्हा बारावीला होती आणि तिच्या बायोलॉजीत हे होतं म्हणे. तिने एक कच्च्या बटाट्याची चकती घेतली, एक उकडलेल्या बटाट्याची (त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती म्हणून उकडलेले होतेच), दोन्हीवर चमचा चमचा पेरॉक्साइड टाकलं. कच्च्यावर फसफसून फेस. उकडलेल्यावर काही नाही, पाणी टाकल्यासारखं शांत. म्हणाली, "आई, कच्च्या बटाट्यात काय जंतू भरलेत का? कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, त्याचा फेस. उकडल्यावर ते एन्झाइम खलास." जखमेवर टाकल्यावर येतो तो फेसही हाच, रक्तातल्या कॅटालेजमुळे येतो, जंतू असोत नसोत.

मग आम्ही दोघी पेटलोच. एका वाटीत गांडूळखत, एका वाटीत धुतलेली वाळू, एका वाटीत नवं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वाळूत जवळजवळ काहीच नाही. कोकोपीटमध्ये इथे तिथे थोडे बुडबुडे. गांडूळखताची वाटी मात्र उतू गेली, दूध उतू जातं तशी, ओट्यावर काळा फेस. म्हणजे माझ्या कुंडीत जो फेस दिसला तो पेरॉक्साइड वरच्या दोन इंचातच संपत असल्याचा होता! खतातले जिवाणू, कुजलेला पाला, सगळ्यांवर ते खर्च होत होतं आणि सहा इंच खाली जिथे मूळ कुजत होतं तिथपर्यंत पोचत असेल तर फारच थोडं. शिवाय वरच्या थरात मी हौसेने मिसळलेलं ट्रायकोडर्मा, तीही बुरशीच ना, मित्रपक्षाची, रोगाच्या बुरशीला रोखणारी. ती आधी मेली असणार.

आणि ऑक्सिजन? सुटतो, खोटं नाही. पण बुडबुड्याने वर येऊन उडून जातो, आणि जो पाण्यात विरघळतो तो काही तासांत संपतो, कुंडी मात्र परत तशीच पाण्यात. श्वास कोंडलेल्या माणसाचं नाक दाबून ठेवायचं आणि वर पंखा लावायचा.

दुसरी चूक तर आणखी लाजिरवाणी. नेटवरची बहुतेक मापं ३ टक्केवाल्या पेरॉक्साइडची असतात, कारण अमेरिकेत दुकानात तेच मिळतं. माझ्या बाटलीवर लिहिलं होतं "२० व्हॉल्यूम". मला वाटलं बाटलीचं काहीतरी माप असेल. ते असं असतं की १ मिलि द्रावणातून २० मिलि ऑक्सिजन वायू सुटतो म्हणून २० व्हॉल्यूम, आणि हे म्हणजे साधारण ६ टक्के. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के. आपल्याकडे मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६ टक्केवालंच हातात देतात, तर बाटली वाचा, मी दुप्पट ओतलं होतं. उरलेल्यातलं दोन रोपांच्या पानांवरही फवारलं, करपा जाईल म्हणून, तेही ऊन पडल्यावर. पानांवर पांढरे ठिपके पडले, आणि माझ्या हिरव्या ओढणीवर पण. ओढणी अजून आहे, बागेत काम करताना नेसत्या कपड्यांवर तीच घेते.

उरलेलं मी स्प्रेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवलं होतं, तीही चार दिवसांत फुगली. मुळात ब्राऊन बाटली असते ती उजेडाने पेरॉक्साइड फुटतं म्हणून, आणि फुटलं की वायू, वायूला बाहेर जायला वाट हवी. मूळ बाटलीतच ठेवायचं, सरळ.

दिवाळीत मामांकडे गेले तेव्हा विषय निघाला. मामांनी व्हिडिओ बघितला होता, मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं. म्हणाले, "अगं, ते औषध नाही, ते पाइप धुवायचं पाणी आहे." त्यांच्याकडे ठिबकच्या नळ्यांत शेवाळ आणि चिकट गाळ साचतो, तर सिल्व्हर मिसळलेलं पेरॉक्साइड सोडून रात्रभर ठेवतात आणि सकाळी नळ्यांची टोकं उघडून फ्लश करतात, निघणारं पाणी बघवत नाही म्हणे. मी विचारलं, "मामा, मग झाडाला नाही का देत तुम्ही?" तर म्हणाले देतात लोक, दुकानदार विकतो म्हणून देतात, "पण माझा वरंबा उंच आहे, पाणी थांबतच नाही, मला काय करायचंय." त्यांच्या वस्तीवर एकाने ५० टक्केवाला कॅन हातमोजे न घालता उघडला होता, बोटं पांढरीफटक पडली आणि रात्रभर आग. ते कॅन घरगुती बागेसाठी कोणी आणू नका, खरंच नका, स्वस्त पडतं म्हणून तर मुळीच नाही.

मग मी पेरॉक्साइड फेकून दिलं का? नाही. पण कुंडीत ओतणं बंद केलं.

आता काय करते सांगते. जूनच्या आधी जुने प्रो-ट्रे (रोपं तयार करायचे खाचांचे ट्रे) काढते, आधी साबणाने घासून मातीचा कण न् कण काढते (माती राहिली तर पेरॉक्साइड तिच्यावरच संपतं, वाटीत बघितलंच की), मग ६ टक्केवाल्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करते, तेव्हाच लागेल तेवढं, आणि ट्रेवर मारून दहा मिनिटं ठेवते, धुऊन उन्हात. कात्री पण तशीच पुसते. गेल्या वर्षी सहा ट्रे होते, तीन असे धुतले आणि तीन नुसते पाण्याखाली धरले, मुद्दाम. नुसत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये रोपं जागोजागी कोलमडली, धुतलेल्यांत अगदी तुरळक. सहा ट्रे म्हणजे काही विद्यापीठाचा प्रयोग नव्हे, पण माझ्यासाठी बास.

घरचं बी धरलेलं असेल तर तेही त्याच ३ टक्क्यात पाच-सात मिनिटं बुडवून साध्या पाण्याने दोनदा धुते. गर दोन दिवस आंबवून, वरचा बुळबुळीत थर काढून मगच, नाहीतर तो थरच सगळं पिऊन टाकतो. कंपनीच्या पाकिटातलं गुलाबी रंगाचं बी असतं त्याला आधीच औषध चोळलेलं असतं, त्याला काही करायची गरज नाही. आणि ट्रायकोडर्मा द्यायचं असेल तर ते नंतर, रोपं कुंडीत लावताना, त्या कुंडीच्या जवळपास पेरॉक्साइड फिरकू देत नाही.

बाकी ज्यांनी मला हल्ली विचारलंय त्यांच्यासाठी पटकन. टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो त्याला पेरॉक्साइडचा काही उपयोग नाही, ते फळाला कॅल्शियम कमी पोचल्याचं लक्षण, पाणी कधी भरपूर कधी कोरडं असं झालं की होतं. पानं वर वळून गोळा झाली, बोकड्या, तो व्हायरस, पांढरी माशी आणते, तिथेही नाही. मी आता बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे टोमॅटोचं वाण लावते, ते पर्णगुच्छ (म्हणजे हाच बोकड्या), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हीला तग धरतं. मामा हसले नाव ऐकून, पण दहा बिया मागून घेतल्या.

आणि कुंड्या? प्रत्येक कुंडी दोन विटांवर, थाळ्या पावसाळ्यात काढून माळ्यावर, मातीत एक तृतीयांश कोकोपीट आणि थोडी जाड वाळू. भोकं महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकाने उकरते. पन्हळीला प्लंबरकडून एल्बो लावून घेतला, दीडशे रुपये घेतले त्याने, आणि जाताना म्हणाला, "मॅडम, हे आधी केलं असतं तर?"