मानशीचं दार

गोव्यात पदवीच्या वर्गाला भूगोल शिकवते. "कोणाला माहीत आहे?" असं विचारलं की पुढच्या बाकांवरची ठरावीक मुलंच बोलतात. वादविवाद ठेवला तर रंग चढतो, पण मुलं आपल्या बाजूचं तेवढंच मांडत बसतात. त्या दिवशी विषय होता खाजन शेती. मांडवी-जुवारीच्या काठची ही भातशेतं भरतीच्या पातळीखाली असतात, बांध आणि मानस (बांधातली पाण्याची दार असलेली मोरी) यांच्या भरवशावर टिकतात.

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: भरतीला मानशीचं दार बंद कसं होतं? प्रत्येकाने आधी आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग वेगळं उत्तर लिहिलेला कोणीतरी शोधून त्याला पटवायचं. कोकणीत, मराठीत, कशातही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र याच धर्तीवर शिकवत आले. बहुतेकांनी लिहिलं होतं, "राखणदार बंद करतो." बरोबर की चूक, हे मी सांगितलं नाही. गप्प राहणं फार जड जातं, पण चर्चेचा जीव त्यातच असतो.

मागच्या बाकावरचा, वर्षभरात तोंड न उघडलेला चोडणचा मुलगा उठला. वहीचा पुठ्ठा उभा धरून त्याने शेजाऱ्याला तो नदीच्या बाजूने ढकलायला लावला. पुठ्ठा बाकाच्या कडेला घट्ट टेकला. "भरतीचं पाणीच दार लावतं. ओहोटीला आतलं पाणी वर राहतं, तेच दार उघडतं."

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग मानशीवर मासे धरायची पावणी (लिलाव) होते, ती घेणारा दार मुद्दाम उघडं ठेवत असेल तर? भरतीबरोबर मासळी जास्त येईल ना!"

वर्ग पेटला. मासळी वाढेल, पण खारं पाणी शेतात शिरेल. प्रवाहाच्या जोराने बांध खचेल. कोरगुट हे खाजनातलं भात खारटपणा सोसतं, पण किती सोसणार? मासेमारी आणि भातशेती यांचा हा झगडा खाजनाच्या अभ्यासातला कळीचा मुद्दा. मी तो अजून काढलाही नव्हता. मुलं दाराच्या यांत्रिकीवरून थेट मालकीवर पोहोचली: पावणीचे पैसे कोणाला, बांध दुरुस्त कोणी करायचा?

१९६४चा कूळ कायदा, कोमुनिदादींकडून (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांकडून) कुळांच्या संघांकडे गेलेली बांधांची जबाबदारी, हा भाग पुढच्या आठवड्यात घ्यायचा होता. मुलांनी तो त्याच तासाला मागून घेतला.