महारेरा नोंदणी असलेला एजंट म्हणजे नेमका कोण?

‘एजंट महारेरावाला आहे’, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे (महारेरा) नोंदलेला आहे, एवढं कानावर पडलं की फ्लॅट घेणारे निर्धास्त होतात. नोंदणी हवीच, पण ती कशापुरती आहे हे कळल्याशिवाय नोंदणीच्या नंबराचा पुरता उपयोग होत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ९ एजंटांसाठी आहे. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट बिल्डर विकत असेल, तर मध्यस्थी करणाऱ्याला नोंदणी लागते. मग तो स्वतःला ब्रोकर म्हणवो, चॅनेल पार्टनर म्हणवो की कन्सल्टंट. सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट आणि भाड्याची घरं मात्र या कलमाच्या बाहेर राहतात. जुन्या वस्त्यांमध्ये नवीन बांधकाम थोडं आणि रिसेलच जास्त, म्हणून मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते. रिसेलमध्ये दलालाने फसवलं तर पोलीस, ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हेच मार्ग उरतात.

महाराष्ट्रात आता आधी परीक्षा आणि मग नोंदणी असा क्रम आहे. महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ऑनलाइन परीक्षा पास व्हायचं. त्यानंतर पोर्टलवर अर्ज करायचा. पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि स्वतःवर खटले असतील तर त्यांची माहिती द्यावी लागते. लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुनाही जोडायचा असतो. नियमांत शुल्क एकट्या व्यक्तीला १०,००० रुपये, तर भागीदारी संस्था किंवा कंपनीला १ लाख रुपये ठरवलं आहे. नोंदणी पाच वर्षं चालते.

जुन्या एजंटांना प्रमाणपत्रासाठी १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत मिळाली होती. ती न पाळणाऱ्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी महारेराने वर्षभरासाठी स्थगित केली. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर पुरेसा नाही. महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव, मुदत आणि सद्यस्थिती बघा. एजंटचा नंबर ‘ए’ने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. कित्येकदा विचारलं एजंटच्या नंबराबद्दल आणि पुढे केला प्रकल्पाचा नंबर, असं होतं. दोन्ही मागा, दोन्ही तपासा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘प्री-लाँच’च्या नावाखाली. प्रकल्प नोंदलेला नसताना जाहिरात किंवा बुकिंग करायला बिल्डरला बंदी आहे, आणि कलम १० नुसार असा प्रकल्प विकायला एजंटलाही. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर प्लॅन फिरतात आणि ‘नंबर येतोय, आत्ता चेक दिलात तर जुना रेट’ असं सांगितलं जातं. इथे एक रुपयाही देऊ नका. नोंदणी झालेल्या प्रकल्पातसुद्धा, करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. टोकन म्हणून २० टक्के मागणारा एजंट कायदा मोडायला मदत करतोय.

नियम मोडणाऱ्या एजंटला कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड होतो. विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत तो चढत जातो. ८० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ४ लाखांची, म्हणजे ४० दिवसांत गाठली जाणारी. खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल तर ती रद्दही होते.

सिंधुदुर्गातल्या एजंटांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंदणी त्या त्या राज्यापुरतीच असते. महारेराच्या नंबरावर गोव्यातले प्रकल्प विकता येत नाहीत, त्यासाठी गोवा रेराची नोंदणी वेगळी करावी लागते.

ब्रोकरेज किती टक्के, हे कायदा ठरवत नाही. म्हणून बुकिंगआधीच टक्केवारी, कोण देणार आणि कधी देणार हे लिहून घ्या आणि नंबर छापलेली पावती मागा. एजंटने खोटी माहिती देणं ही कलम १० प्रमाणे अनुचित प्रथा आहे. ‘समोर गार्डन होणार’, ‘डिसेंबरात ताबा’ असले मेसेज डिलीट करू नका. महारेराकडे ५,००० रुपये शुल्क भरून तक्रार करायची वेळ आली तर ते पुरावा म्हणून जोडता येतात.