ईआरसीपीनंतरचे पित्ताशय

फॉर्मॅलिनच्या बरणीतून आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या काही पित्ताशयांच्या अर्जावर ‘ईआरसीपी झाली आहे, स्टेंट आहे’ एवढाच उल्लेख असतो. ईआरसीपी म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेली प्रक्रिया, आणि स्टेंट म्हणजे ती नलिका उघडी ठेवायला बसवलेली बारीक नळी. ईआरसीपी किती दिवसांपूर्वी झाली, हे क्वचितच लिहिलेले असते आणि मला नेमके तेच हवे असते.

मागच्या आठवड्यात असेच एक पित्ताशय उभे चिरताना सुरी अडली. एरवी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असणारी भिंत इथे सात मिलिमीटर जाड, पांढुरकी आणि चिवट झाली होती, आणि मखमलीसारखे हिरवट अस्तर जागोजागी सपाट पडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंच्या थरातून तंतुमय ऊती पसरलेल्या दिसल्या, दाह दाखवणाऱ्या लिम्फोसाइट पेशींचे पुंजके दिसले आणि अस्तर स्नायूत शिरून झालेल्या रोकिटान्स्की-आशॉफ पोकळ्याही दिसल्या.

पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला ओडीचा स्नायू लहान आतड्यातील जंतूंना वर चढू देत नाही. खडा काढण्यासाठी दुर्बिणीतून हा स्नायू कापण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. स्नायू कापला की जंतूंची वाट मोकळी होते, आणि स्टेंट बसवला तर त्याच्या पृष्ठभागावर त्यांचा थर जमतो. पित्ताशयाची सूज त्यामुळे वाढू शकते.

तरीही सगळा दोष ईआरसीपीच्या माथी मारणे मला पटत नाही. ज्याचा खडा नलिकेत उतरला, ज्याला कावीळ झाली, त्याच्या पित्ताशयात खडे बहुधा आधीपासूनच असतात. आणि प्रक्रियेपूर्वी पित्ताशयाचा तुकडा कोणी तपासायला पाठवत नसल्याने ‘आधीचे’ चित्र माझ्याकडे कधीच नसते.

ईआरसीपीनंतर पित्ताशय काढायला थांबण्याचा धोका मात्र मोजला गेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत, स्नायू कापल्यानंतर ७२ तासांच्या आत पित्ताशय काढलेल्या गटात २ टक्के रुग्णांना, तर सहा ते आठ आठवडे थांबवलेल्या गटात ३६ टक्के रुग्णांना पित्तमार्गाचा त्रास पुन्हा झाला.

या पित्ताशयाच्या अस्तरातील काही पेशींची केंद्रके मोठी दिसत होती. अर्जावर स्टेंटचा उल्लेख नसता तर कर्करोगपूर्व बदलाची शंका अधिक गडद झाली असती. मी वॉर्डात फोन लावला, तेव्हा निवासी डॉक्टरांनी कागद चाळून सांगितले, ‘अकरा आठवडे झाले, मॅडम.’ अहवालात मी दीर्घकालीन पित्ताशयदाह आणि दाहामुळे झालेले पेशीबदल असे निदान लिहिले, आणि त्याखाली ते अकरा आठवडेही नोंदवले.